आमच्या घरी राहणारी दुसऱ्याची मुलगी

सकाळी सव्वासातला आमच्या गल्लीतून ख्रिश्चन हायस्कूलकडे गाड्या निघतात. त्यांतल्या निदान तीन गाड्यांत मागे बसलेल्या मुलाच्या आईकडे तेव्हा रात्र झालेली असते. एक मुलगा कोरियाचा, एक मुलगी व्हिएतनामची आणि एक मुलगी चीनमधली, छंग्तूची. ही तिसरी आमच्या गाडीत असते. ती आमच्याकडे राहते. नात्याची नाही, ओळखीची नव्हती, आणि तिच्या राहण्याजेवण्याचे पैसे आम्हाला मिळतात. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण नगरला फोनवर बोलताना तोच प्रश्न सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात हळू आवाजात येतो.

आम्ही राहतो ते ग्रँड रॅपिड्स मिशिगन राज्याच्या पश्चिम भागात आहे. शिकागोहून निघालं की लेक मिशिगनला खालून वळसा घालून वर यायचं. तळ्यावरून येणारा वारा हिवाळ्यात इतका बर्फ टाकतो की वर्षाची बेरीज सहा फुटांच्या पुढे जाते. या मुलखात डच लोक मोठ्या संख्येने येऊन वसले. अल्बर्टस फान राल्टे नावाचे पाळक १८४७ साली आपली माणसं घेऊन इथे आले आणि जवळच हॉलंड नावाचं गाव उभं राहिलं. पुढे १८५७ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च हा वेगळा पंथ काढला. या मंडळींचा पुढे एक आग्रह झाला: शाळा सरकारची नको आणि चर्चचीही नको, ती आईबापांची हवी. म्हणून इथल्या जुन्या ख्रिश्चन शाळा पालकांच्या संस्था चालवतात. नेदरलँड्समध्ये १९१७ च्या घटनादुरुस्तीमुळे अशा शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने अनुदान मिळतं. इथे तसलं काही नाही. फी पालकांनीच भरायची, आणि पटसंख्या घटली की संचालक मंडळाची झोप उडते.

आशियातली मुलं याच शाळांत का येतात, याचं उत्तर श्रद्धेपेक्षा व्हिसाच्या कायद्यात जास्त आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परदेशी मुलाला सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने शिकता येतं, तेही सगळा खर्च भरून. हा नियम १९९६ च्या कायद्याने आला. खाजगी शाळेला ती मर्यादा नाही. नववीला यावं आणि थेट बारावीचा डिप्लोमा घेऊन कॉलेजात जावं. अमेरिकेतल्या बहुतेक खाजगी शाळा धार्मिक असतात, त्यामुळे ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी चर्चची पायरी चढलं नाही, तिथली मुलगी रोज सकाळी बायबलच्या तासाला बसते. जे-१ व्हिसाचा प्रकार वेगळा. तो एका शैक्षणिक वर्षापुरता, सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी असतो आणि त्यात यजमान कुटुंबाला मोबदला घेता येत नाही. करात महिन्याला पन्नास डॉलरपर्यंतची वजावट मिळू शकते, एवढंच. पन्नास डॉलरमध्ये वाढत्या वयाच्या मुलाचं दूध आणि सीरिअल भागलं तरी खूप.

आमची मुलगी एफ-१ वाली. तिचे आईवडील शाळेची फी, एजन्सीचं कमिशन, विमा, राहणं, सगळं धरून वर्षाला इतके डॉलर भरतात की आकडा कळल्यावर माझा नवरा थोडा वेळ गप्पच बसला. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आमच्या मनात परक्या घरी राहून शिकणाऱ्या मुलाचं चित्र तेच असतं: तो गरजू आणि आपण दाते. इथे गणित उलटं आहे. तिच्या वडिलांकडे आमच्यापेक्षा मोठी गाडी आहे. दात्याचा आव आणायला जागाच नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

तिचे आईवडील आणि आम्ही यांच्यामध्ये एक स्थानिक समन्वयक बाई असते. ती घर पाहून जाते, मोठ्या माणसांची पोलीस-पडताळणी होते, मुलाला स्वतःचा पलंग आणि अभ्यासाला जागा आहे ना हे तपासते, नंतर महिन्यातून एकदा मुलाशी वेगळं बोलते. नियमांचा कागद असतो: रात्री फोन किती वाजता खाली ठेवायचा, बाहेर कुणाबरोबर जायचं, गाडी चालवायची नाही. सोळाव्या वर्षी वर्गातली सगळी पोरं स्वतः गाडी घेऊन येतात आणि हिला मात्र ‘आंटी, प्रॅक्टिस साडेपाचला संपते’ म्हणावं लागतं. शाळेची बस नाही. हे यजमानपण म्हणजे निम्मं ड्रायव्हरपण आहे, हे कुणी आधी सांगत नाही.

ती येण्याआधी समन्वयक बाईने अवघडून एक गोष्ट कळवली होती. मुलीच्या आईने विचारलं होतं, कुटुंब अमेरिकन आहे ना? आमच्याकडे दोन पासपोर्ट अमेरिकन आहेत, पण प्रश्न पासपोर्टचा नव्हता. ब्रोशरमध्ये सोनेरी केसांचं कुटुंब, कुत्रा आणि हिरवळ असते. त्या जागी नगरचे गायकवाड-साळवे पाहून कुणाचाही चेहरा पडेल. मला राग आला का? आला. पण आपल्याकडचे पालक तरी काय वेगळं विचारतात? लंडनला मुलगा भारतीय घरात राहणार म्हटल्यावर ‘मग इंग्रजी कसं सुधारणार’ असं म्हणणारे मी ऐकलेत.

गंमत म्हणजे पहिल्याच आठवड्यात आमचं भारतीय असणं उपयोगी पडलं. इथे बाराही महिने बर्फ घातलेलं पाणी पितात. ही पोरगी शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे तो ग्लास हातात धरून बसायची. आमच्याकडे माझ्या सासूबाई सहा महिने राहायला आलेल्या, त्यांच्या थर्मासात कायम गरम पाणी. तिने एकदा ते पाहिलं आणि विचारलं, मीपण घेऊ? तेव्हापासून दोन थर्मास. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही, तरी दोघी मिळून भेंडी चिरायच्या. पोळी तिला मनापासून आवडली नाही हेही सांगते. भात मात्र आमच्या दोन्ही मुलांपेक्षा जास्त खाते. व्हिडिओ कॉलवर तिच्या आईने आमचा भाताचा कुकर पाहिला आणि त्यानंतर तिचे प्रश्न एकदम कमी झाले.

गल्लीतल्या कोरियन मुलाची गोष्ट वेगळी. तो प्रेस्बिटेरियन घरातला. आजी पहाटेच्या प्रार्थनेला रोज चर्चमध्ये जाणारी. त्याच्या आईबापांनी ही शाळा ख्रिश्चन आहे म्हणूनच निवडली; इथल्या कॅल्विन सेमिनरीत शिकून गेलेले पाळक कोरियात आहेत, तिकडे या गावाचं नाव आधीपासून माहीत असतं. तो राहतो एका डच आजीआजोबांकडे. रविवारी गवत कापायचं नाही, उपदेश सुरू झाला की आजी पर्समधून पेपरमिंट काढून रांगेत पुढे सरकवते, दोन अनोळखी माणसं भेटली की पाच मिनिटांत आडनावावरून कुठलं तरी नातं शोधून काढतात. (नगरच्या ख्रिस्ती समाजात यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.) त्याला वाटलं होतं, अमेरिकन ख्रिस्ती म्हणजे आपल्यापेक्षा कडक. पण वर्गातली अर्धी पोरं चॅपलमध्ये, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनासभेत, पेंगतात आणि प्रार्थना दोन वाक्यांत आटोपते. त्याला धक्का बसला तो ‘अमेरिका बिघडलेली आहे’ म्हणून नाही. इथे श्रद्धा ही सवय आहे, घरातल्या सोफ्यासारखी, आणि त्याच्या घरी ती रोज पहाटे उठून करायची गोष्ट होती. आजोबांना त्याने एकदा विचारलं, तुम्ही मोठ्याने प्रार्थना का करत नाही? आता बुधवारी जेवणानंतर तो कोरियनमध्ये आणि आजोबा इंग्रजीत, असं दोघांचं चालतं.

आमच्या मुलीचा प्रश्न याच्या बरोबर उलटा. तिला धर्मच नाही, किंवा आहे तो छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या कबरी झाडण्यापुरता. बायबल तिच्यासाठी एक विषय आहे, मार्क असलेला. परीक्षेत तिला ए मिळाला आणि आमच्या चिरंजिवांना, जे शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) वाढले, बी. ती एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, देवाने काइनाचं अर्पण का नाकारलं? त्याने तर शेतातलं आणलं होतं, त्याच्याकडे मेंढ्या नव्हत्याच. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. सासूबाईंनी चष्मा लावून मराठी बायबल आणलं, उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचला आणि म्हणाल्या, इथे कारण दिलेलं नाही. मी ते भाषांतर करून सांगितलं. शाळेतल्या पुस्तकात कारण होतं, पण तिला सासूबाईंचं उत्तर जास्त पटलेलं दिसलं.

रविवारी ती आमच्याबरोबर चर्चला येते. करारात तसं आहे. प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी भाकरीचं ताट रांगेतून येतं, ती ते घेते आणि स्वतः न खाता पुढच्याला देते. कुणी काही म्हणत नाही. पण सगळीकडे असं नसतं. एका वर्षाच्या शेवटी अमुक इतक्या परदेशी मुलांनी ख्रिस्त स्वीकारला, हे व्यासपीठावरून सांगितलेलं मी ऐकलंय, टाळ्याही ऐकल्यात. मी स्वतः विश्वासात वाढलेली बाई आहे, माझी पणजी नगरच्या अमेरिकन मिशनच्या बोर्डिंगात शिकली, तेव्हा मला यात वाईट वाटायचं कारण नाही असं कुणी म्हणेल. पण जे मूल जेवणासाठी, गाडीसाठी, आजारपणात डॉक्टरकडे नेण्यासाठी तुमच्यावर अवलंबून आहे, त्याला ‘नाही’ म्हणणं किती सोपं असतं? म्हणून मी तिला कधीच विचारत नाही. तिने विचारलं तर सांगते.

आपल्या मराठी माणसांना हा पेच नवा नाही. गोपाळराव जोशांनी कोल्हापूरहून बायकोच्या, आनंदीबाईंच्या, शिक्षणासाठी मदत मागितली, ती रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याकडे. वाइल्डर स्वतः कोल्हापुरात राहून गेलेले. त्यांनी सुचवलं की आधी ख्रिस्ती व्हा, आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहताना तो वाचला आणि पत्र लिहिलं. १८८३ साली आनंदीबाई आल्या त्या त्यांच्याच घरी. वय अठरा. जाण्यापूर्वीच श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपलं नव्हे). कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या, आणि त्या घरात हे चाललं. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानलं. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, आणि त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. एजन्सी नव्हती, समन्वयक नव्हती, मासिक भत्ता नव्हता. आजच्या यजमानांना मी कार्पेंटरबाईंच्या रांगेत बसवत नाही, स्वतःला तर मुळीच नाही. पण मोजमाप म्हणून ते घर माझ्या डोळ्यांसमोर असतं.

सगळी घरं चांगली नसतात, हेही लिहायला हवं. एका मुलाला तळघरात खोली दिलेली आणि फ्रीजमध्ये वेगळा खण, ‘हे तुझं, बाकीचं आमचं’. त्याचं घर वर्षाच्या मध्येच बदललं. काही कुटुंबं भत्त्यासाठी तीन-तीन मुलं ठेवतात, ती आपसांत चिनी बोलतात आणि घरच्यांशी फक्त वायफायबद्दल. उलट टोकाचं घरही त्रासाचं: तू आता आमची मुलगी म्हणत तिला सख्ख्या आईशी रोज बोलू न देणारं. दुसऱ्याची मुलगी ही दुसऱ्याचीच असते. चिनी नववर्षाच्या रात्री आमच्याकडे ती दार लावून दोन तास फोनवर होती, हसत आणि रडत. आम्ही डंपलिंग झाकून ठेवले आणि झोपलो.

आता माझ्या वहिनींनी विचारलंय, भाच्याला नववीनंतर पाठवू का. त्यांना शाळेची वेबसाइट आवडली आहे, जिम आणि नाटकाचं सभागृह फार छान आहे म्हणतात. मी लिहिलं की सभागृह राहू दे. घराचे फोटो नाही, घरातल्या माणसांशी तासभर बोलणं मागा. याआधी किती मुलं राहिली आणि त्यांतली किती जण वर्ष संपण्याआधीच गेली, हे विचारा. त्या मुलांपैकी एकाचा नंबर मागा. रविवारी चर्चला न जाण्याची मुभा आहे का, हे आपण ख्रिस्ती असलो तरी विचारा, कारण उत्तरापेक्षा उत्तर देण्याचा सूर महत्त्वाचा. घर जमलं नाही तर बदलून द्यायला किती दिवस लागतात आणि तोवर मूल कुठे राहतं, हे लेखी घ्या. परत येऊन भारतात पदवी करायची असेल तर एआययूच्या (भारतीय विद्यापीठ संघाच्या) समकक्षता प्रमाणपत्राचे नियम आत्ताच वाचा, विषय निवडल्यावर नाही. डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास अंधारायला लागतं आणि शाळा बर्फामुळे बंद झाली की मूल दिवसभर परक्या घरात असतं, हे त्याला स्पष्ट सांगा. शेवटी विचारलं, त्याला स्वतःला यायचंय का? मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.