दप्तर कुणी उघडलं नाही

मी शाळेत शिकवते, म्हणून मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचा खटला माझ्या डोक्यातून जात नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल चारच दिवस आधी वडिलांनी त्याच्यासाठी विकत घेतलं होतं.

त्या सकाळी शिक्षिकेला गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं. शेजारी लिहिलं होतं, 'विचार थांबत नाहीत, मदत करा.' आईवडिलांना बोलावलं. त्यांनी मुलाला घरी नेलं नाही, पिस्तुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि शाळेनेही त्याला वर्गात परत पाठवलं. दप्तर कुणी उघडलंच नाही. पिस्तूल त्यातच होतं! मुलाने कागदावर मदत मागितली होती हो, आणखी कशी मागायची?

२०२४ मध्ये जेनिफर आणि जेम्स क्रम्बली या आईबापांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली. अमेरिकेत शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी पालकांवर असा दोष सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. मला ती शिक्षा योग्य वाटते.

मुलाला मात्र पॅरोलविना, म्हणजे सुटकेचा विचार कधीच न होणारी जन्मठेप झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या मिलर निकालानुसार अल्पवयीनाला ती सरसकट देता येत नाही, न्यायाधीशांना त्याचं वय आणि घर पाहावं लागतं. इथे ते पाहूनही ती दिली. गेलेल्या मुलांच्या घरच्यांपुढे बोलायचा मला अधिकार नाही. तरी घराने एवढा हातभार लावल्याचं न्यायालयच सांगत असेल, तर पंधराव्या वर्षाच्या मुलासाठी सुटकेच्या विचाराचं दार कायमचं बंद करणं मला पटत नाही.