निरोपाचा मेल

"रिप्लेस टोनर करतात रे," निवृत्त होणाऱ्या मॅडम हसत म्हणाल्या आणि मेलचं प्रिंटआउट माझ्याकडे सरकवलं. नवीन मुलगी त्यांना 'रिप्लेस' करणार, असं त्यात होतं. त्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

'सक्सीड' लिहिलं असतं तर गादी चालवल्यासारखं वाटलं असतं. 'टेक ओव्हर फ्रॉम' म्हणजे सरळ चार्ज घेणं. त्यातलं 'फ्रॉम' गाळलं की मात्र कंपनीवर कब्जा केल्याचा वास येतो. मेल लिहिणाऱ्याने एवढा विचार थोडाच केला असेल! घाईत जे क्रियापद हाताला लागलं ते टाकलं.

तशी 'रिप्लेसमेंट' ही काही शिवी नाही म्हणा. 2019 मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेला इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू लागला आणि त्याच्या जागी लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन (डोक्याला धक्का बसल्यामुळे दिलेला) बदली खेळाडू म्हणून उतरला. 59 धावा काढल्या आणि पुढे संघातली जागाही पक्की केली.

पण तिथे स्मिथ परत खेळणार होता. मॅडमचं तसं नाही ना.

तुमच्या ऑफिसात अशा मेलमध्ये काय लिहितात?