सही करण्याआधी

आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर एक करारपत्र पडून होतं. बेकरीच्या मालकाची सही झालेली, आमच्या १६ वर्षांच्या मुलाची झालेली, आणि तो १८च्या आतला म्हणून खाली आईवडील दोघांच्या सह्यांसाठी जागा. ह्यांनी कागद आला त्याच दिवशी सही केली. माझी राहिली होती.

१ सप्टेंबरपासून ३ वर्षं बेकरीत शिकाऊ. इथं जर्मनीत याला आउसबिल्डुंग म्हणतात. आठवड्यातला थोडा वेळ व्यवसायशाळेत, उरलेला प्रत्यक्ष भट्टीवर, पगार पहिल्या महिन्यापासून. शेवटी परीक्षा दिली की तो ‘गेझेल’, म्हणजे पक्का कारागीर, आणि पुढे शिकला तर ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, जर्मनीला जाऊन पोरगा पाव भाजणार?” ती हिणवत नव्हती. तिला काळजी वाटत होती, आणि मलाही वाटत होती, म्हणून तर पेन उचलवत नव्हतं.

न्यूरेंबर्गमध्ये राहायला येऊन आम्हाला ११ वर्षं झाली. किल्ल्याच्या पायथ्याशी चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररचं घर आहे. भारतातून कुणी आलं की आम्ही ते दाखवायला नेतोच. पण त्यानं १५२४ मध्ये लिहून ठेवलेली घराण्याची हकीकत मी या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचली. त्याचे वडील सोनार. त्यांनी मुलाला शाळेत घातलं, लिहिता-वाचता आल्यावर दुकानात बसवून सोनारकाम शिकवलं. हात बसला, काम सफाईदार व्हायला लागलं, आणि मुलगा म्हणाला, मला चित्रकार व्हायचंय. वडील नाराज झाले. शिकवण्यात घातलेली वर्षं वाया गेली याचं त्यांना वाईट वाटलं. तरी ते राजी झाले, आणि १४८६ मध्ये सेंट अँड्र्यूच्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, त्यांनी मुलाला मिखाएल वोल्गेमूट या चित्रकाराकडे ३ वर्षांसाठी शिकायला देण्याचा शब्द दिला. मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता.

पुढचं वाक्य वाचून मी थांबले. देवानं मला मेहनत दिली, मी चांगलं शिकलो, पण तिथल्या कामगारांकडून मला फार सोसावं लागलं, असं तो लिहितो. लिहिताना तो ५३ वर्षांचा होता, युरोपभर त्याचं नाव झालं होतं, आणि ३८ वर्षांपूर्वीचा तो त्रास त्याला घरच्या हकिकतीत नोंदवावासा वाटला.

आता इथं कायदा आहे. १६ वर्षांच्या मुलाला बेकरीत पहाटे ५च्या आधी कामाला लावता येत नाही, १७ पूर्ण झाल्यावर ४ वाजता चालतं. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४०. त्याच्या वयाला वर्षाकाठी किमान २७ दिवस रजा. शिकाऊ मुलावर हात उगारायचा नाही, असं वेगळं कलमच आहे. ते कलम मी दोनदा वाचलं. कुणीतरी ड्युररसारखं सोसलेलं असणार, म्हणून ते लिहावं लागलं.

मध्ययुगात किशोरवय नव्हतंच, लेकरू एका रात्रीत मोठं होई, असं आपण सहज म्हणून जातो. मला आता ते पटत नाही. १३व्या वर्षी आरशात बघून काढलेल्या स्वतःच्या चित्रावर ड्युररनं पुढे लिहिलं, तेव्हा मी अजून मूल होतो. मग ३ वर्षं शिकाऊ, त्यानंतर १४९० ते १४९४ गावोगाव भटकंती, आणि परत आल्यावर २३व्या वर्षी लग्न. मूलही नाही आणि घर-दुकान असलेला बाप्याही नाही, अशी इतकी वर्षं. (कारागिरांची ती भटकंती अजून संपलेली नाही. काळ्या जाड कापडाची रुंद पायांची विजार घातलेले तरुण सुतार हातात वळणदार काठी घेऊन इथल्या रस्त्यांवर दिसतात. ३ वर्षं आणि १ दिवस ते आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकत नाहीत.)

आणि त्याच घरात त्याची आई, बार्बरा. तिचं लग्न १५व्या वर्षी ४० वर्षांच्या नवऱ्याशी झालं. १८ बाळंतपणं. ड्युररनं हकीकत लिहिली तेव्हा त्या १८ जणांतले तिघे भाऊ उरले होते. सगळ्याच मुलींचं असं होत नसे. चर्चच्या कायद्यानं मुलीला १२व्या आणि मुलाला १४व्या वर्षी लग्नाची मुभा होती, पण शहरांतल्या पुष्कळ गरीब मुली आधी परक्या घरी कामाला राहायच्या, चार पैसे गाठीला बांधायच्या आणि विशीत लग्न करायच्या. तरी बार्बरा माझ्या मनातून जात नाही. ती आमच्या मुलाच्या वर्गात असती.

त्या काळच्या मुलांकडे एक गोष्ट मात्र होती, जी आमच्या मुलाला मिळत नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत ती वेगवेगळ्या वयाच्या माणसांत असत. हा वर्गात १६ वर्षांच्यांबरोबर आणि घरी आला की दार लावून फोनवर पुन्हा १६ वर्षांच्यांबरोबर. माझ्याशी हो किंवा नाही, एवढंच. मग शाळेकडून २ आठवडे कामाचा अनुभव घ्यायला त्या बेकरीत गेला. पहिल्याच दिवशी केसांत पीठ घेऊन आला, मनगट भट्टीला लागून भाजलेलं, आणि तासभर बोलत होता. तिथले एक साठीचे कारागीर आंबवलेल्या पिठावर नुसता तळवा ठेवून ते झालं की नाही सांगतात, तसं त्याला यायला हवं होतं.

हे आईला सांगितलं. मग मार्टिन लूथरचंही सांगितलं. पुढे मोठा धर्मसुधारक झालेला हा माणूस १४-१५ वर्षांचा असताना आयझेनाख गावात शिकत होता, आणि बरोबरीच्या मुलांसोबत दारोदार गाऊन भाकरी मागत होता. आई लगेच म्हणाली, “म्हणजे आपल्या आजोबांसारखंच की.” आजोबा १३व्या वर्षी शिकायला पुण्याला गेले, वार लावून जेवले. सहा घरं मिळाली होती, सातवं मिळालं नाही. बुधवारी ते पाणी पिऊन झोपायचे. म्हातारपणीही बुधवारी ताटावर बसले की आधी क्षणभर डोळे मिटायचे, हे मी पाहिलेलं आहे.

“आणि हा राहणार कुठं?” आईनं विचारलं.

“घरीच. सायकलनं जाईल, १० मिनिटांवर आहे.”

“जेवायला घरी?”

“घरीच गं.”

“मग कर सही,” ती म्हणाली. “आणि पहाटे जाताना काहीतरी पोटात घालून पाठव त्याला.”

त्या रात्री मी सही केली.

काल रविवारी त्याला इथल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. तिथं ड्युररनं काढलेलं वोल्गेमूटचं चित्र आहे. साल १५१६, गुरू ८२ वर्षांचे. डोक्याला काळं कापड, मानेच्या शिरा वर आलेल्या, डोळे मात्र लखलखीत. ते गेल्यावर ड्युररनं त्याच चित्रावरच्या मजकुरात भर घातली, की १५१९ मध्ये, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, पहाटे सूर्य उगवण्याआधी ते वारले. ज्या दिवशी वडिलांनी त्याला त्यांच्या हाती सोपवायचा शब्द दिला, तोच दिवस, ३३ वर्षांनी.

मुलानं ती जुनी अक्षरं एकेक लावत वाचली. “सूर्य उगवण्याआधी,” तो म्हणाला. “नोव्हेंबरात म्हणजे पावणेआठ. तोवर माझे पहिले पाव निघालेले असतील.”