बाबांचा लसूण आणि ७५ची गोळी

परवा सकाळी बाबांच्या खोलीतून खलबत्त्याचा आवाज आला. बडोद्याच्या दांडियाबाजारातलं आमचं जुनं घर, भिंत इतकी पातळ की ठोका न् ठोका ऐकू येतो. आत गेले तर लसणाच्या ५ कच्च्या पाकळ्या ठेचून मधात कालवलेल्या, आणि अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी ४ दिवसांपासून जशीच्या तशी.

"अगं, लसणानं रक्त पातळ होतं. मग गोळी कशाला?"

गेल्या वर्षीच स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसलाय त्यांना; गोळी थांबली तर तिथे गुठळी होऊ शकते. माझे हातपाय गार पडले.

ओरडले मात्र नाही, कारण लसणाचा गुण खरा आहे. एम.एस्सी.ला मी तो डोळ्यांनी पाहिलाय. प्लेटलेट्स, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशी, असलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव) गढूळ दिसतो. त्यात एडीपी हे त्यांना चेतवणारं रसायन घातलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, द्रव निवळतो, प्रकाश आरपार जातो आणि तो मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावरची रेघ चढते. गुस्ताव बॉर्न यांची ही १९६२ची पद्धत. आम्ही आधी ठेचलेल्या लसणाचा अर्क घातला, तर रेघ जेमतेम हलली. अख्ख्या पाकळ्या उकडून केलेला अर्क घातला, तर सरळ वर गेली.

पाकळी ठेचल्यावरच अ‍ॅलिनेज हे एन्झाइम अ‍ॅलिसिन तयार करतं, त्यापासून पुढे अजोईन; हीच प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. आधीच उकडलं की एन्झाइम निकामी. म्हणजे बाबांनी किती ठेचलं, किती वेळ ठेवलं, पाकळी केवढी होती, यावर सगळं अवलंबून. खंडेराव मार्केटमधून थंडीत येणाऱ्या हिरव्या लसणाचा डोस कोण मोजणार?

अ‍ॅस्पिरिनचं काम मोजलेलं आहे. प्लेटलेटमधलं कॉक्स-१ हे एन्झाइम ती कायमचं बंद पाडते, मग प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं थ्रॉम्बोक्सेन बनत नाही. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे नवं एन्झाइम बनवणं तिला जमत नाही. पण शरीर रोज सुमारे १० टक्के प्लेटलेट्स नव्या घालतं. ४ दिवस गोळी नाही, म्हणजे जवळपास ४० टक्के मोकळ्या, चिकटायला तयार.

हे ४० टक्के बाबांना पटले. हिशेबाचा माणूस.

लगेच डॉक्टरांना फोन केला. गोळी आजच सुरू करा म्हणाले, आणि तिच्या जोडीला असा कच्चा लसूण नको, रक्तस्राव वाढू शकतो. पुढच्या आठवड्यात बाबांची दाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरांनाही मी दोन्ही सांगून आले.

खलबत्ता आईनं स्वयंपाकघरात नेला. पट्टी आता चहाच्या कपाशेजारी असते.