बर्फाखालची ठकठक

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात चर्चिल नदीवर पसरलेल्या सदर्न इंडियन सरोवराकाठी, साउथ इंडियन लेक या क्री आदिवासींच्या वस्तीत मी दोन हिवाळे शिक्षक म्हणून राहिलो. तिथला मुख्य मासा म्हणजे व्हाइटफिश. त्याच्या क्री नावात 'अतिह्क', म्हणजे कॅरिबू हरीण, हा शब्द आहे. ज्या प्राण्यावर रानात जगायचे, त्याचेच नाव पाण्यातल्या अन्नाला द्यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

ज्यांच्यासोबत मी बर्फावर जात असे, त्यांना सगळे मुशुम, म्हणजे आजोबा, म्हणत. गोठलेल्या सरोवरात जाळे लावण्यासाठी 'जिगर' नावाची लांब लाकडी फळी वापरतात. एका भोकातून ती आत सोडली की बर्फाच्या खालच्या बाजूला टेकून तरंगते. दोराला हिसका दिला की तिच्यावरची लोखंडी तरफ बर्फाला रेटते आणि फळी हातभर पुढे सरकते. वर बर्फाचा थर, त्यावर हिम. त्यामुळे फळी दिसत नाही, फक्त तिची ठकठक ऐकू येते. मी दोर ओढायचो आणि मुशुम त्या आवाजामागे मान तिरपी करून चालत जायचे. ते थांबतील तिथे दुसरे भोक पाडायचे, दोराचे टोक वर घ्यायचे आणि त्याला बांधलेले जाळे बर्फाखालून ओढून घ्यायचे. भोक पाडल्यावर फळी बरोबर खाली सापडायची.

1976 मध्ये विजेसाठी चर्चिलचे पाणी नेल्सन नदीकडे वळवण्यात आले आणि सरोवराची पातळी सुमारे 3 मीटरने वाढली. गोठलेली माती विरघळून काठ ढासळले, पाणी गढूळ झाले, माशांतील पारा वाढला. निर्यातीच्या प्रतीचा व्हाइटफिश देणारी जुनी ठिकाणे ओस पडली. लोकांना जुनी घरे सोडून नव्या वस्तीत जावे लागले. 'ओ-पिपॉन-ना-पिविन क्री नेशन' म्हणून त्यांना स्वतंत्र मान्यता मिळायला 2005 साल उजाडले. हा अन्याय आहे आणि तो संपलेला नाही, असे मी ठामपणे म्हणतो, कारण हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडले जाते तेव्हा काठालगतचा बर्फ खालचा आधार सुटून अधांतरी राहतो.

म्हणूनच परतताना मुशुम दर काही पावलांवर पहार आपटायचे. एका संध्याकाळी आवाज पोकळ आला. त्यांनी पहार पुन्हा एकदा आपटून पाहिली, हाताने मला मागे सारले आणि लहानपणापासूनची वाट सोडून लांबच्या वळणाने आम्ही घरी आलो.