चद्दर, पत्रा आणि पन्हळ

पतपेढीतल्या बाईंनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "घरदुरुस्तीसाठी कर्ज ना? मग दहा चादरी कशाला?"

दुकानदाराने कोटेशनवर लिहिलं होतं, 'चद्दर – १० नग'. हिंदीत पत्र्यालाही चद्दरच म्हणतात. मला हसू फुटलं, बाईंना नाही. त्यांना वर्णन मराठीत हवं होतं आणि नुसतं 'पत्रा' चालणार नव्हतं. "सपाट, सिमेंटचा, की पन्हळी? नीट लिहून आणा."

भांडुपच्या टेकडीवर आमची बैठी चाळ. खोली १२ फूट रुंद. छपराचा उतार १६ फुटांचा, त्यावर वडिलांनी घातलेला सिमेंटचा पत्रा, पत्र्याला चिरा, चिरांवर डांबर, डांबरावर ताडपत्री आणि ताडपत्री उडू नये म्हणून दोन टायर. यंदा पावसाआधी छप्पर बदलायचंच, एवढं ठरलं होतं. पण एका शब्दापाशी गाडी अडेल असं वाटलं नव्हतं.

'पन्हळी' कुठेतरी वाचल्यासारखा वाटत होता, बस. घरी आईला विचारलं. ती दापोलीकडची. म्हणाली, "अगं, पन्हळ माहीत नाही? तुझ्या आजोळी पोफळीचं खोड उभं चिरायचे, गाभा काढून टाकायचे, की झाली पन्हळ. विहिरीचं पाणी त्यातनं बागेत जायचं. वळचणीलाही लावायचे." मग तिने दोन्ही हातांची बोटं जुळवून लाटांसारखी वरखाली केली. "अशा पन्हळी एकीला एक चिकटवल्या की झाला तुझा पत्रा."

बाईंचं काम झालं, पण दुकानात हा शब्द उपयोगाचा नव्हता. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या त्या दुकानात मी ऐटीत 'पन्हळी पत्रा' म्हणाले, तर शेठ माझ्याकडे पाहतच राहिले. मी आईसारखी बोटं हलवली. "अच्छा, नालीवाला!" मग प्रश्नांची सरबत्ती: जीआय की कलर? नालीवाला की प्रोफाइल? कितना गेज? तेव्हा कळलं की आपण ज्याला सरसकट पत्रा म्हणतो त्यात तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात: धातू, घडी आणि जाडी. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. नालीवाल्याची घडी गोल, लाटेसारखी. प्रोफाइलची घडी कोनदार, बहुतेक रंगीत. आणि गेजचा हिशेब उलटा, आकडा वाढला की पत्रा पातळ. मी २४ गेज घेतला.

शेठचा आग्रह प्रोफाइलचा होता. हव्या त्या लांबीत कापून मिळतो, अख्ख्या उताराला एकच पत्रा, मध्ये सांधा नाही. सगळं खरं, पण आमची गल्ली तीन फुटी आणि तिला दोन काटकोनी वळणं. वळचण धरून १८ फुटी पत्रा वळवायचा तर शेजारच्या काकांची भिंत पाडावी लागली असती. म्हणून १० आणि ८ फुटी नालीवाले, दोन ओळींत.

या घड्यांचं डोकं मूळचं लंडनच्या गोदीतलं. हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. सपाट पातळ पत्रा हातात लवतो, तोच घड्या पाडल्या की घडीच्या दिशेने ताठ उभा राहतो. वहीचा कागद पंख्यासारखा दुमडून त्यावर पेन ठेवून बघा. जस्ताचा मुलामा नंतरचा, सोरेल या फ्रेंच माणसाचं पेटंट १८३७ चं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. शिवाय हे पत्रे एकात एक बसतात, त्यामुळे जहाजात जागा कमी लागते. जगभर पसरले ते काही उगाच नाही.

आता माझी चूक. पत्रा अडीच फूट रुंद, खोली १२ फूट, म्हणजे एका ओळीला पाच, दोन ओळींना दहा. हा हिशेब मीच केला आणि शेठने मुकाट्याने लिहून घेतला. मिस्त्रींनी मात्र वर चढायच्या आधीच मान हलवली. "मॅडम, चढाव पकडला नाही." शेजारचा पत्रा आधीच्या पत्र्यावर दीड घडी चढवावा लागतो. एक घडी तीन इंचांची, म्हणजे दर सांध्याला साडेचार इंच गेले. पाच पत्र्यांत भरतं बरोबर ११ फूट. उरलेल्या फुटातून काय आभाळ बघणार? दोन पत्रे आणखी आणले.

जुना सिमेंटचा पत्रा काढताना मिस्त्रींच्या पोराने हातोडा उचलला, तेव्हा मी अक्षरशः ओरडले. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फोडलं की त्याची बारीक तुसं हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात. पाणी मारून, अख्खे सोडवून काढायला लावले. पोराला तो शुद्ध बायकी हट्ट वाटला. वाटू दे.

नवे पत्रे दीड दिवसात चढले. खालची ओळ आधी, मग तिच्यावर वरची सहा इंच चढवून. स्क्रू नेहमी घडीच्या माथ्यावर, रबरी वायसर लावून, कारण पाणी वाहतं ते खोलगट भागातून. हे मिस्त्री बोलून दाखवत होते आणि पलीकडच्या टोकाला पोरगं आपल्या मनाने ठोकत होतं.

पहिला पाऊस रात्री दीडला आला. पत्र्यावर आवाज असा, की टीव्हीचं तोंड दिसावं पण बोलणं ऐकू येऊ नये. कोपऱ्यात टप, टप, टप. तीन जागा. आईने खाली पातेलं ठेवलं, बॅटरी मारून वर पाहिलं आणि म्हणाली, "पन्हळीत भोक पाडल्यावर गळणारच की!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते तीन स्क्रू काढले, भोकं सिलिकॉनने बुजवली, नवे माथ्यावर मारले. पोराकडे बघितलंसुद्धा नाही.

बिलं घेऊन पतपेढीत गेले. बाईंनी चष्मा चढवून वाचलं. "पन्हळी पत्रे, १२ नग. मंजुरी तर १० ची आहे." चढाव समजावून सांगितला, साडेचार इंचांचं गणितही कागदावर मांडून दाखवलं. दोन पत्र्यांचे पैसे शेवटी भिशीतून भरले.