मामांचा रेडिओ आणि मधली खोली

लेकीची मीटिंग सोप्यात व्यवस्थित चालते, मधल्या खोलीत गेली की अडकते. शुक्रवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे, मध्ये दीड हात जाडीची मातीची भिंत. मी तिला म्हटलं, वायफायच्या यादीत ५ गिगाहर्ट्झवालं नाव सोड, २.४ चं धर. वेग उतरला, पण आवाज तुटायचा थांबला.

५ ची लहर सहा सेंटिमीटरची, २.४ ची साडेबारा. लहर जितकी आखूड, तितकी ती अशा भिंतीत जास्त जिरते आणि आडोशाला वळसा घालणं तिला जमत नाही. मी बारावीला फिजिक्स शिकवते. फ्रिक्वेन्सी जास्त म्हणजे ऊर्जा जास्त, म्हणून सिग्नल लांब जाणार, असं दरवर्षी कुणीतरी लिहितंच. अशा वेळी मी मामांच्या रेडिओची गोष्ट सांगते.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचा रेडिओ देवळीत असायचा, काटा कायम आकाशवाणी सांगलीवर, १२५१ किलोहर्ट्झ. पुसताना तो जरा तिरका ठेवला गेला की मामा आतून ओरडायचे, "अगं, त्याचं तोंड फिरवू नको, सांगली जाईल!" आणि खरंच जायची. एकदा त्यांच्यासमोरच मी मागचं झाकण काढलं. आत वीतभर काळी फेराइटची कांडी, तिच्यावर केसासारखी तार गुंडाळून मेणानं चिकटवलेली. कांडीचं टोक सांगलीकडं झालं की आवाज बसायचा, आडवी झाली की भरून यायचा. २४० मीटर लांबीची लहर त्या वीतभर कांडीत सापडत होती! एवढ्या लहरीला आमची भिंत जाणवतही नाही. ती जमिनीला धरून पुढं सरकते.

रात्री तर कन्नड, तमिळ बोलणी ऐकू यायची. मामा म्हणायचे, थंडीनं हवा मोकळी होते. कारण त्याहून वर आहे. दिवसा उन्हामुळं साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर जो विद्युतभारित थर तयार होतो, तो मिडियम वेव्ह, म्हणजे सांगलीसारख्या स्टेशनांच्या लांब लहरी, शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी त्याच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. एफएमची तीन मीटरची लहर मात्र बहुतेक वेळा त्या थरांतून आरपार निघून जाते. तिला समोरासमोरची वाट लागते. म्हणून गाडीतलं गाणं पन्हाळ्याचा डोंगर मध्ये आला की खरखरायला लागतं.

मग सगळं खालच्या फ्रिक्वेन्सीवरच का नाही, असं लेकीनं विचारलं. चांगला प्रश्न. तिथं जागा फार थोडी. आपल्याकडं मिडियम वेव्हचे चॅनेल ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आखलेले असतात. तिच्या वायफायच्या एकाच चॅनेलला निदान २० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे अख्खा मिडियम वेव्ह पट्टा दिला तरी तिच्या वायफायचं एक चॅनेलसुद्धा त्यात मावायचं नाही.

रविवारी राऊटर देवळीत हलवणार आहे. तिथून मधल्या खोलीचं दार सरळ दिसतं.